आमच्या हॉलचं शोकेस

आमच्या हॉलचं नूतनीकरण करावं, असा ठराव दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर्वानुमते मंजूर झाला. घरात आम्ही तिघं. मुलगी दिपाली नववीत असल्यामुळे तिचं मत धरलं नाही, आणि बायको मंजुषा त्या वेळी भाकरी थापत होती. सूचक मी, अनुमोदकही मीच. मी, परमेश्वर, तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो. रीत सोडून मी घरातही काही करत नाही.

निकड अशी होती की, तेलगावात माणसाची पत त्याच्या हॉलवरून ठरते आणि हॉल म्हणजे दारातून शिरल्यावर समोर दिसणारी भिंत. आमच्यासमोर राहणाऱ्या शहादेवच्या भिंतीवर काचेचं शोकेस आहे. त्यात सन्मानचिन्हं नुसती दाटीवाटीने उभी. आमच्या भिंतीला काय, तर खिडकी. खिडकीखाली मंजुषाचं शिलाई मशीन आणि वर हँगरला गावातल्या बायकांचे ब्लाऊज. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी लोकांच्या बायकांची मापं दिसायची. शोभतं का हे?

हरकती मागवणं भाग होतं, मागवल्या. एकच आली.

"खिडकी तेवढी बुजवू नका," मंजुषा म्हणाली. "दिवसा लाईटचा भरोसा न्हाई. काळ्या कापडावरचा काळा दोरा मला खिडकीपाशीच दिसतो. बाकी तुमी काय बी करा."

दिपालीच्या शिकवणीची फी शिलाईतून जाते, असंही तिने जोडलं. मी त्याची खातरजमा केलेली नाही. फी मी भरत नाही, एवढं मात्र मला माहीत आहे. हरकतीची नोंद घेण्यात आली.

मधला मार्ग नाथा मिस्त्रीने काढला. "खिडकी बुजवायची कावून, साहेब? खिडकीतच शोकेस बसवू. मागं काच, पुढं काच. कप्पे रिकामे असले की उजेड येतोय आत."

मंजुषाचा जीव भांड्यात पडला. तिने नाथाला दोनदा चहा दिला.

शोकेस झालं. देखणं झालं. त्यात ठेवायला मात्र माझ्याकडे कॉलेजातलं रस्सीखेचीचं उपविजेतेपद तेवढं होतं, आणि तेही संघाचं. पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "सामान यायचंय वाटतं अजून?" मी घाईघाईने चहा त्याच्यापुढे सरकवला. मशीन मात्र कप्प्यांतून येणाऱ्या उजेडात खडखडत होतं. मला त्या आवाजाचा फार राग आला.

शहादेवकडे गेलो. तो एका सामाजिक प्रतिष्ठानचा अध्यक्ष आहे. सचिव आणि खजिनदारही तोच.

"लई भोळा हायेस बे," तो म्हणाला. "पुरस्कार काय मिळत असतो व्हय? घ्यायचा असतो. शाल तुझी तू आण. नारळ प्रतिष्ठानचा, तो फोटो झाला की परत द्यायचा."

पहिला मिळाला तो कार्यक्षम कर्मचारी पुरस्कार. कचेरीत हरवलेलं एक टपाल मला सापडलं होतं, आणि ते कोणी हरवलं होतं याची विचारणा निवड समितीने केली नाही. मग बोअरला पाणी लागलं म्हणून जलमित्र झालो. वर्षभर गाडी कुठे धडकली नाही म्हणून रस्ता सुरक्षा दूत झालो. पुढे मीही एक प्रतिष्ठान काढलं. त्यातर्फे मी शहादेवचा सत्कार करायचो आणि त्याच्यातर्फे तो माझा. समाजकार्याला असा वेग आला की, नारळाला शेंडी राहिली नाही.

कप्पे भरत चालले. एकेक सन्मान आत येई आणि तेवढा उजेड बाहेर राही. मंजुषा मशीन सरकवत सरकवत डावीकडून उजवीकडे गेली. ऐन लग्नसराईत तिने एका नवरीच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. नवरीची आई दारात उभी राहून वाट्टेल ते बोलली. माझ्या पुरस्कारांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शिकलेली माणसं कमी आहेत आपल्याकडे.

शेवटी एकच कप्पा उरला. मंजुषाने त्याच्यासमोर मशीन लावलं आणि ती म्हणाली, "ह्यो कप्पा माझा. इथं काय बी ठेवायचं न्हाई. डोळे फुटायची वेळ आलीय माझी."

तिचा दावा रास्त होता. बायकोचा हक्क नाकारणारा माणूस मी नव्हे. महिला सबलीकरणाचं एक सन्मानचिन्ह माझ्याकडे आहे. मी आणि शहादेव बसलो आणि तो कप्पा तिच्याच नावे करायचं ठरलं. शिलाईकामातून घर उजळवल्याबद्दल मंजुषाला गृहज्योती पुरस्कार जाहीर झाला.

सोहळा आमच्याच हॉलमध्ये झाला. सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. मंजुषा उठली.

"मला उजेड पाहिजे होता," ती म्हणाली. "आणखी काय बी नको होतं. तुमाला समद्यांना हात जोडते, ती ट्रॉफी त्या कप्प्यात ठेवू नका."

एवढी नम्र सत्कारमूर्ती कोणी पाहिली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. टाळ्या चालू असतानाच शहादेवने ट्रॉफी कप्प्यात ठेवली. मोठी आहे, कप्पा गच्च भरला. फोटोसाठी भर दुपारी दिवे लावावे लागले.

दुसऱ्या दिवशी मंजुषाने बायकांची कापडं घरोघर परत केली. दिपाली शिकवणीला जायची थांबली. मशीनवर मंजुषाने सत्काराची शाल टाकून ठेवली आहे, आणि आलेली माणसं म्हणतात की हॉलला आता शोभा आली.

एक पुरस्कार अजून शिल्लक आहे. सोहळ्याला आलेल्या सगळ्यांनी मंजुषाचं बोलणं ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. तुम्ही तर पहिल्या हरकतीपासून ऐकताय, आणि गालातल्या गालात हसत इथवर आलात. शेवटपर्यंत एका शब्दानेही मध्ये न पडल्याबद्दल आमच्या प्रतिष्ठानने सुज्ञ वाचक पुरस्कारासाठी आपली एकमताने निवड केली आहे. शाल आपली आपण आणावी. आणि आपल्या हॉलची खिडकी किती बाय किती आहे, ते तेवढं कळवावं.