अर्धी जाड, अर्धी बारीक

सन १९९९च्या जानेवारीत आमच्या गुडगावच्या सोसायटीत सी-३०४च्या पॅसेजमधला दिवा बंद पडला. तिथे श्रीमती भानुमती एकट्या राहतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि बाथरूमची वाट त्याच पॅसेजमधून जाते. सोसायटीचा सचिव या नात्याने पुढची हकिकत नोंदवून ठेवणं मी कर्तव्य समजतो.

नीरज इलेक्ट्रिशियनने तपासून सांगितलं, की आतली वायर जळाली आहे. "एक बल्ब है सर. डेढ़ एमएम की ताँबे वाली डाल देता हूँ, शाम तक हो जाएगा."

संध्याकाळपर्यंत होईल, हे ऐकूनच मला शंका आली. समितीशिवाय झालेलं काम नीट होतं, असं मानणारा मी माणूस नाही. शिवाय नियम सतराप्रमाणे भिंतीच्या आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला सोसायटीची संमती लागते. मी नीरजला परत पाठवलं आणि वायर निवड उपसमिती नेमली.

उपसमितीत दोन सभासद होते. विक्रांत हे मल्टिनॅशनलमध्ये मोठ्या हुद्द्यावर. देश खुला झाला तरी आपण दीड एमएममध्येच अडकून पडलोय, याचं त्यांना फार वाईट वाटे. एसीला लागते ती चार एमएमची जाड वायर घाला, विचार मोठा ठेवा यार, असं ते म्हणत. दुसरे शांतारामपंत, दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून निवृत्त होऊन आलेले. तिथे दाराच्या घंटीची बारीक वायर दिव्याला तीस वर्षं चालली होती. जाड वायर वीज जास्त पिते, असा त्यांचा अनुभव होता.

पाच बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीला भानुमतीबाई दाराशी येऊन विचारत, "झालं का हो? मला अंधारात भिंत धरून जावं लागतं." आम्ही त्यांना मागच्या बैठकीचं इतिवृत्त देत असू. त्यांना अजून वाचता येत नव्हतं, हा काही आमचा दोष नव्हे.

सहाव्या बैठकीत एकमत झालं. स्विचपासून निम्म्या अंतरापर्यंत चार एमएमची वायर, पुढे घंटीची. दोघांचाही मान राहिला.

नीरज म्हणाला, "सर, पतली वाली जल जाएगी."

तो सभासद आहे का, असं आम्ही त्याला विचारलं. तो नव्हता.

एवढ्या विचारमंथनानंतर तिथे चाळीसचा बल्ब लावणं शोभलं नसतं. म्हणून चोवीस दिव्यांचं काचेचं झुंबर आणलं. छत बुटकं असल्याने ते कपाळाच्या उंचीवर आलं. विक्रांत यांनी फीत कापली. कामाच्या कागदावर भानुमतीबाईंची सही घेतली. झुंबर चाळीस मिनिटं लखलखलं, त्यातली पस्तीस भाषणांत गेली. मग भिंतीतून धूर आला आणि पॅसेज पूर्वीसारखा झाला.

पूर्वीसारखा म्हणणं तितकंसं बरोबर नाही. पूर्वी बाईंना अंधारात नुसतं चालायचं होतं, आता झुंबरही चुकवायचं होतं. पहाटे ते चुकलं नाही. कपाळाला सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. मला मनापासून वाईट वाटलं. समारंभाचे फोटो अजून धुऊन यायचे होते.

चौकशी मीच केली. वायर ठरावाप्रमाणेच होती. बाई मात्र परवानगीशिवाय चालत होत्या. शिवाय कागदावर त्यांचीच सही होती: 'वायरिंग पाहिले, समाधान झाले.'

"भिंतीतलं मी कसं पाहणार?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला गैर वाटला. वाचकहो, घराचा ताबा घेताना तुम्हीही नेमक्या याच वाक्याखाली सही केली आहे. तुम्ही भिंतीतलं कसं पाहिलंत, हे कधी कोणी विचारलं का? आम्ही सगळ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. दिवा चालू आहे ना, मग वाचा निवांत.