अण्णा ट्रॉली मागं घेतात

आमच्या समोरचे वैजिनाथअण्णा गाडीला जोडलेली ट्रॉली स्वतःच्या दारात मागं घ्यायला लागले, की माझी बायको मंगल कुकर चढवते. शिट्ट्या होतात, वाफ जिरते, आम्ही दोघं जेवायला बसतो, तरी बाहेरून आवाज चालूच असतो. "येऊ दे... येऊ दे... आरं थांब!" मग गाडी पुढं. मग पुन्हा मागं. आमचा ताकभात संपत येतो, तेव्हा कुठं अण्णांची ट्रॉली फाटकातून आत जाते.

ठाणाकुशनूरसारख्या गावाला हे शोभणारं नव्हे. इथं घरोघरी ट्रॅक्टर आहेत, आणि भरल्या उसाची ट्रॉली बोळात मागं घेताना माणसं फोनवर बोलत असतात. अण्णांकडं ट्रॅक्टर नाही. जुनी, पांढरी, डिझेलवर चालणारी मोटार आहे. हैदराबादेत एका गोडावनात उभं आयुष्य नोकरी करून ते गावी परतले, ते या गाडीतून. पुढं बीदरला जाऊन त्यांनी गाडीच्या मागं हूक बसवून घेतला, दोन चाकांची बुटकी ट्रॉली बांधून घेतली, तिचे रीतसर कागद केले, मागं लाल दिवे लावले. मोटारीला ट्रॉली हा प्रकार आमच्या भागानं पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी माणसं तर जमलीच, पण म्हशीही रस्ता सोडून कडेला उभ्या राहिल्या.

अण्णांचं एक पालुपद आहे. "उतरून बगावं माणसानं." गाडी सुरू करण्याआधी ते भोवती एक फेरी मारतात, चाकांखाली वाकून बघतात, मागं कुत्रं निजलंय का, कुणी पोतं टेकवून ठेवलंय का, सगळं बघतात. इथवर ठीक आहे. पण हे पालुपद ते कुठंही लावतात. माझ्या पुतणीची सोयरीक जवळजवळ ठरली होती, तेव्हा हे कट्ट्यावर बसून म्हणाले, "फोटूवर कामून ठरवायलाव? उतरून बगा की." मुलाकडचे तिथंच बसलेले होते. त्यांना वाटलं, आपल्या मुलात काहीतरी आहे. ते प्रकरण निस्तरायला मला त्यांच्या घरी, भालकीपर्यंत, जाऊन यावं लागलं.

माल भरण्याच्या बाबतीत तर त्यांच्यापुढं बोलायची सोय नाही. माझ्या मुलीच्या बिऱ्हाडाचं सामान बीदरला न्यायचं होतं. कपाट, ज्वारीची पोती, भांड्यांची खोकी. शेजारच्या माणसांना हाताशी घेऊन मी सगळं ट्रॉलीत चढवलं. अण्णांनी भोवती फेरी मारली आणि म्हणाले, "उतरवा."

"कामून वो अण्णा?"

"मास्तर, जड सामान पार मागं ठिवलाव. वाटंत ट्रॉली शेपूट हलवाया लागली की गाडी आपली ऱ्हात न्हाई. जड ते खाली, चाकाच्या जरा फुडं. हुकावर थोडा भार आला पायजे."

पुन्हा उतरवलं, पुन्हा भरलं. अण्णांनी प्रत्येक दोर ओढून पाहिला, नंतर त्यावर लोंबकळूनही पाहिला. कपाटाचा एक कोपरा मागं बाहेर येत होता, त्याला लाल फडकं बांधलं. हुकाखाली साखळ्या फुली करून अडकवल्या. मला मागं उभं करून दिवे दाखवले, "लागला का? आता? आता इझला का?" मग शेवटची फेरी. शेजारची माणसं केव्हाच निघून गेली होती. वाटेत अण्णांनी गाडी इतकी बेतानं चालवली, की मागून येणारा प्रत्येक जण आमच्याकडं वळून बघत पुढं जात होता. पण बीदरला कपाट उतरलं तेव्हा त्याच्या आरशावर साधा ओरखडा नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

अशा माणसाला ट्रॉली मागं घेता येऊ नये, याचं गावाला मोठं नवल होतं.

आता हे खरं, की ट्रॉली मागं घेणं उलटं काम आहे. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉली उजवीकडं पळते, उजवीकडं फिरवलं की डावीकडं. नवखा माणूस घाबरून जास्त फिरवतो, आणि गाडी अन् ट्रॉली एकमेकींकडं बघत काटकोनात उभ्या राहतात. अण्णांचं रोज तेच व्हायचं. येणारा-जाणारा ट्रॅक्टरवाला थांबून म्हणायचा, "अण्णा, चावी द्या, येका दमात लावतो."

"तू लावलास तर मला कवा येणार?" अण्णा म्हणायचे. "तू जा. माझं माणूस हाय मागं."

मागं असायच्या त्या शांताक्का, अण्णांच्या बायको.

अक्का मूळच्या हळ्ळीखेडच्या. माहेरची कानडी, सासरची मराठी, आणि हैदराबादेत उचललेली दखनी. तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या. परगावी निरोप द्यायचा असेल तेवढ्यासाठीच त्या फोन वापरायच्या; गल्लीत त्यांना फोनची गरज नव्हती. मग एका सकाळी त्यांना लकवा झाला. हात-पाय हळूहळू सावरले, काठी घेऊन चालायला लागल्या. वाचा मात्र गेली. शब्द आत तयार आहे हे डोळ्यांवरून कळायचं, पण तो ओठांपर्यंत यायचा नाही. बीदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलतं ठेवा. आम्ही सगळे बोलतं ठेवायला जायचो आणि त्यांचं बोलणं आपणच पुरं करून यायचो. 'च' म्हटलं की चहा, 'प' म्हटलं की पाणी. पुढं पुढं अक्कांनी तेवढंही सोडलं. नुसती मान हलवायच्या आणि भिंतीकडं तोंड करून बसायच्या.

अशा दिवसांत अण्णांनी ट्रॉली आणली होती. गाव काय म्हणालं ते सांगायला नको. आमची मंगल तर मला ऐकवायची, जणू मीच ट्रॉली आणली होती. "बायको अशी पडलीय, आन ह्यांना खेळणं सुचलंय."

तिचा खरा संताप झाला तो पुढच्या गोष्टीनं. अण्णांनी फाटकाजवळ भिंतीच्या कडेला, चाकाच्या वाटेबाहेर, एक खुर्ची मांडली आणि आजारी बायकोला तिथं आणून बसवलं.

"आरशात तू मला दिसाया पायजेस," ते बजावून सांगत होते. "तू दिसली न्हाईस की मी थांबणार. तू बस म्हणलीस की थांबणार. तू काय बोलली न्हाईस तर मी येतच ऱ्हाणार, मग भित पडू दे न्हाईतर काय बी होऊ दे."

पहिले काही दिवस अक्का डावा हात वर करायच्या. अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढायचे. "हात दिसंना. आरशावर धूळ बसलीय. तोंडानं सांग."

"आरसा पुसा की वो!" मी कट्ट्यावरून ओरडलो.

"पुसतो उद्या," अण्णा म्हणाले.

उद्या काही पुसला नाही. ट्रॉली भिंतीला घासायला आली, अक्का हात हलवत राहिल्या, अण्णा येत राहिले, आणि अक्कांच्या तोंडून एकदम निघालं, "साकु!" कानडीतलं 'पुरे'. गाडी जागच्या जागी थांबली. अण्णा उतरले, भिंत आणि ट्रॉलीमधली फट बघितली आणि म्हणाले, "व्हय, साकु." बस्स, एवढंच. त्या दिवशी ट्रॉली रस्त्यावरच राहिली.

मग शब्द यायला लागले, पण कुठल्या भाषेतला येईल याचा नेम नव्हता. 'आने दो' म्हणता म्हणता 'निल्लु', म्हणजे कानडीतलं 'थांब', यायचं आणि 'थांब' म्हणायचं तिथं 'लिंबू' यायचं. लिंबू म्हटलं तरी अण्णा थांबायचे.

उन्हाळ्यात अक्कांनी एका हातानं, मंगलच्या मदतीनं, कुरडया घातल्या होत्या. अंगणात बाजेवर त्या वाळत होत्या. अण्णा ट्रॉली घेऊन मागं आले ते सरळ बाजेच्या रोखानं. अक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कु... कु... कुरडया! आरं आंधळ्या! मुडद्या, कुरडया माझ्या!"

गल्लीतली दारं उघडली. ट्रॉली बाजेपासून हातभर अंतरावर थांबलेली. अक्का उभ्या, आणि तोंडाचा पट्टा सुरू. निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण जे कळत होतं ते सगळं शिवीगाळीत जमा होणारं. गंमत म्हणजे आयुष्यभर या बाईनं नवऱ्याला अहो-जाहो केलेलं. परत आलेल्या शब्दांत 'अहो' काही आला नव्हता, आणि आजतागायत आलेला नाही.

अण्णा खाली उतरले, बाजेकडं बघितलं, "व्हय की, कुरडयाच," म्हणाले आणि घरात गेले.

मंगल रात्री मला म्हणाली, "तो माणूस हसत व्हता वो. बायको शिव्या देयलीय आन हा हसायलाय. डोकं फिरलंय त्याचं."

मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर माझी तूर बीदरच्या अडत बाजारात न्यायची होती. अण्णांच्या पद्धतीनं भरून, दोर ओढून, फेऱ्या मारून आम्ही निघालो. बाजारात अडत्याच्या दुकानापुढं दोन लॉऱ्या लागलेल्या, आणि मधे ट्रॉली कशीबशी मावेल एवढी वाट. मी मनात म्हटलं, आता इथं मुक्काम. एक हमाल पुढं आला, "मैं बोलतूँ चचा, आने दो."

"नक्को मियाँ. तुम बाजूकू खडो," अण्णा म्हणाले.

ते उतरले. दोन्ही लॉऱ्यांच्या मधून चालत गेले, वर बघितलं, खाली बघितलं, मागचा हमाल बाजूला झाला याची खात्री केली. परत येऊन बसले. स्टेअरिंगला खालच्या बाजूला एकच हात लावला, दोन्ही आरशांत बघितलं, आणि ट्रॉली अशी मागं गेली की मला वाटलं कुणी तिला रुळावर ठेवलंय. पुढं नाही, थांबणं नाही. ती दुकानाच्या पायरीला टेकण्याआधी उभी राहिली. हमाल पोती उचलायलाही लागला.

मी म्हणालो, "अण्णा, हे काय?"

"काय?"

"तुम्हाला येतंय की."

अण्णांनी गाडी बंद केली. "गोडावनात तेच काम व्हतं माझं. दिवसभर लॉऱ्या आत लावायच्या, बाहीर काडायच्या. लांब ट्रेलर बी लावलेत मी, मास्तर."

"मग घरी रोज ते काय करायलाव?"

ते बाजूच्या लॉरीच्या फाळक्याकडं बघत होते. "बोल म्हणलं की ती बोलत नव्हती. काय बोलणार? चहा पायजे, पाणी पायजे, हे न मागता मिळायलं व्हतं. मग म्हणलं, हिला गरज पडाया पायजे."

"अन् अक्कांना ठाऊक नाही? गोडावनात तुम्ही काय करत होता ते?"

"हैदराबादचं सगळं इसरली ती. इचारून बगितलं मी. मालकाचं नाव न्हाई आठवलं तिला, गल्लीचं न्हाई आठवलं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तिच्या कानावर घालू नका. कळलं तर बंद करंल बोलायचं."

मी घातलं नाही. मंगललाही सांगितलं नाही, ते माझ्या दृष्टीनं जास्त अवघड होतं.

दिवाळीनंतर एकदा अण्णा कुणाचं तरी सोयाबीन घेऊन गेले होते. त्यांच्या अंगणात अक्का सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. मी वर्तमानपत्र द्यायला गेलो आणि टेकलो. आता त्या सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, पण पुरं वाक्य बोलतात.

"अण्णांना आज उशीर व्हायलाय," मी म्हणालो.

"येतोय की. रस्त्यात... न्हाई लागत वेळ. दारात लागतो." आणि त्या हसल्या. डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. "येतंय त्याला, मास्तर."

मी वर्तमानपत्राची घडी उगाच पुन्हा घातली.

"हैदराबादला... डबा घेऊन जायची मी. रोज. फाटकात उभी ऱ्हायची. केवढ्या केवढ्या गाड्या... हा असा घ्यायचा." त्यांनी डावा हात हवेतून अलगद मागं नेला.

"तुम्हाला सगळं आठवतंय?"

"नावं न्हाई येत. त्यानं नावं इचारली." त्यांनी पुन्हा खडा शोधला. "नावं आली न्हाईत म्हणून... त्याला वाटलं, सगळं गेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"कामून सांगू?" त्या म्हणाल्या. "मी वरडले की लई हसतोय तो. आरशात दिसतंय मला. मी पडले तवापसनं... हसला नव्हता."

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. अक्कांनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, काठी टेकत खुर्चीपर्यंत गेल्या आणि बसल्या. मी वाटेतून बाजूला झालो. अण्णा दिवसभराच्या फेऱ्यांनी दमले असावेत. हात आपोआप चालत होते. ट्रॉली फाटकाच्या बरोबर मधोमध, सरळ रेषेत आत यायला लागली. अजून थोडं, की झालंच असतं.

अक्कांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"डावीकडं!" त्या ओरडल्या. "आणखी डावीकडं घे, आंधळ्या!"

ट्रॉली मुकाट्यानं वाकडी झाली आणि सगळी गल्ली अडवून आडवी उभी राहिली. अण्णांनी आरशात बघितलं आणि गाडी पुन्हा पुढं घेतली.