भागूमावशींचं सातूचं पाणी

भागूमावशी बिअरच्या बाटलीला आंघोळ घालत. राखेनं घासून, विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुऊन, वर तुळशीचं पान ठेवलं की मगच ती बाटली त्यांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडे.

मी लग्न होऊन संस्थानच्या राजधानीत, रावपुऱ्यात आले तेव्हा आमच्या पोळात, म्हणजे दरवाजा असलेल्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून त्या एकट्या राहत. लाल आलवण, केस काढलेलं डोकं. उभा जन्म राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेलेला. महाराजांच्या लवाजम्याबरोबर एकदा विलायतेलाही जाऊन आलेल्या, आणि परतल्यावर रीतसर प्रायश्चित्त घेऊन मोकळ्या झालेल्या.

विलायतेहून त्यांनी एकच गोष्ट आणली होती : काकडीचं लोणचं. कोवळ्या काकड्या, मोहरी, शेपूच्या काड्या, मिठाचं पाणी आणि त्यात अर्धी बाटली बिअर. हे शेवटचं फक्त मला ठाऊक होतं.

"बिअर कसली? सातूचं पाणी ते," त्या म्हणत. "सातूचं पीठ खाता ना? मग पाण्यानं काय घोडं मारलंय?"

बाटली आणायला त्या टांग्यातून कँपातल्या पारशी दुकानात जात. एकदा मीही सोबत होते. बाटली औषधासाठी हवी असेल असं समजून दुकानदारानं अदबीनं गुजरातीत विचारलं, "माजी, दवा माटे?"

"ना भाई," मावशी ठणकावून म्हणाल्या, "काकडी माटे!"

त्या लोणच्यावर अख्खा पोळ खूश होता. समोरचे अण्णा, सरकारी दफ्तरातून निवृत्त झालेले आणि सोवळ्याचे महाकडक, त्यांना तर त्याशिवाय भात उतरत नसे. एके दिवशी ते स्वतःच वाटी घेऊन आले. अंगणात बाटली नुकतीच न्हाऊन उन्हात बसली होती. राखेनं घासूनही तिच्यावरचा कागद अजून शाबूत होता आणि अण्णांना इंग्रजी येत होतं, हीच पंचाईत झाली.

"भागूबाई! तीन वर्षं मला दारू खायला घातलीत?"

"तीन वर्षांत एकदा तरी झिंगलात का, अण्णा?"

अण्णा रिकामी वाटी घेऊन परत गेले. त्यानंतर मावशींच्या दारात कुणी फिरकेना. विहिरीवर बायका घागरी उचलून बाजूला सरत. मला वाटलं, संपलं आता लोणचं. पण पुढच्याच महिन्यात पाहते तर मावशी काकड्या पुसत बसलेल्या.

"आता कुणासाठी, मावशी?"

त्यांनी पुढची काकडी उचलली. मग म्हणाल्या, "तिकडे विलायतेत मला ताप आला. लवाजमा पुढच्या गावी गेला, मला एका म्हातारीच्या घरी ठेवून. ना तिची भाषा मला, ना माझी तिला. पाच दिवस पाण्यावर काढले, तिच्या हातचं खाणार कसं? सहाव्या दिवशी ती बरणी घेऊन उशाशी बसली. एक फोड आधी स्वतः खाल्ली, मग माझ्यापुढे धरली. आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला."

मावशींनी हातातली काकडी उगीचच पुन्हा पुसली.

"अठराव्या वर्षी केस गेले. तेव्हापासून न्हाव्याशिवाय कुणी हात लावला नव्हता गं या डोक्याला. मी खाल्लं. नंतर तिला बरणीत बाटली ओतताना डोळ्यांनी पाहिलं, तरीही खाल्लं."

मग एकदम म्हणाल्या, "तुला लिहिता येतं ना? पत्र लिही तिला."

"मराठीत?"

"मग? देईल कुणी वाचून."

तासभर त्या सांगत होत्या. ताप उतरला ते, अण्णा चिडले ते, इथली काकडी जरा लवकर जून होते ते. मी सगळं लिहिलं. शेवटी पाकीट घेतलं आणि विचारलं, "पत्ता?"

मावशींनी डोळे मिटून घेतले.

"गावाचं नाव नाही आठवत. पण खिडकीसमोर घोड्यांना पाणी पाजायचं दगडी टाकं होतं. टाक्यासमोरचं घर, असं लिही."

मी तसं लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी त्या पाकिटाकडे बघत बसलो.