हॉलमधून स्टेशनकडे

बाई नऊ महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. कारण म्हणजे चोपन्न पायऱ्या. शाळेत शिकवत होत्या तेव्हा याच पायऱ्या त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन दिवसातून चारदा चढत. तेव्हा समोर स्टेशनही नव्हतं, नुसतं मोकळं मैदान होतं. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. खिडकीतून स्टेशनचं छप्पर दिसे, आणि माणसं म्हणाल तर नुसती डोकी.

म्हणूनच इमारतीचे सेक्रेटरी एका सकाळी धापा टाकत वर आले, तेव्हा बाईंना बोलायला माणूस मिळाल्याचाच आधी आनंद झाला.

"बाई, लिफ्ट आली असं समजा!"

"कुठवर आलीये?"

"अहो, सरकारची योजना आलीये. लोकांनी गाड्या सोडून चालत स्टेशनला जावं म्हणून स्टेशनजवळ घरं वाढवायची. पाचशे मीटरच्या आतली जुनी इमारत पाडून उंच बांधली, तर निम्मा खर्च सरकारचा. उद्या मोजणीसाहेब येतायत."

साहेब आले. काठीला लावलेलं चाक फिरवत ते जिन्यापासून निघाले, पुढच्या फाटकातून बाहेर पडले, अख्ख्या इमारतीला वळसा घालून स्टेशनच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

"पाचशे अकरा."

"अहो, अकरा मीटर म्हणजे काय! जरा लांब ढांगा टाकल्या की झालं!" सेक्रेटरी म्हणाले.

"योजनेत ढांगांचा उल्लेख नाही."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाई हे सगळं ऐकत होत्या. हातातोंडाशी आलेली लिफ्ट चालली होती. त्या वरूनच ओरडल्या, "वळसा कशाला घालताय? सेक्रेटरींच्या तळमजल्यावरच्या हॉलमधून जा की! मागचं दार थेट स्टेशनच्या गल्लीत उघडतं. ते स्वतः रोज तिकडूनच जातात!"

साहेबांनी मान हलवली. "खाजगी घरातून मोजता येत नाही. वाट सर्वांना खुली हवी."

"मग केली खुली!" सेक्रेटरींनी छाती पुढे काढली. "देतो लिहून. माझा हॉल आजपासून सार्वजनिक!"

"मला विचारलंत?" आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, आवाज आला.

"अगं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

साहेबांनी चाक सोफ्याशेजारून नेलं. चारशे अठ्ठ्याहत्तर. अर्ज पात्र ठरला. अट एकच: पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत दोन्ही दारं उघडी. दारावर निळी पाटी लागली, 'पादचारी मार्ग, स्टेशनकडे', आणि खाली बाण.

पहिल्या दिवशी तिघंच आले, तेही चपला हातात घेऊन, माफी मागत. आठवड्याभरात पलीकडची सगळी वसाहत येऊ लागली. मोबाइलच्या नकाशातही वाट दिसायला लागली. एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला सोफ्यावर टेकले ते टीव्हीवरची मॅच संपल्यावरच उठले. जाताना वहिनींना म्हणाले, "आवाज जरा कमीच ठेवता तुम्ही." कुणी वहिनींना गाडीची वेळ विचारी, कुणी सुटे पैसे. मग एकाने तक्रार केली आणि साहेब पुन्हा हजर झाले.

"हा सोफा वाटेत येतोय."

"अहो, हॉलमध्ये सोफा नको तर काय असावं?"

"हे अतिक्रमण आहे."

सोफा माळ्यावर गेला. जेवणाचं टेबल गेलं. सेक्रेटरी दुपारी खुर्चीत डुलकी काढत, तेही सुटलं. "मी माझ्याच घरात उभ्याने जेवतोय," ते बाईंना सांगू लागले. बाईंना वाईट वाटलं. पण लिफ्टच्या विचाराने बरंही वाटलं.

अखेर मंजुरीचं पत्र आलं. सेक्रेटरींनी कंत्राटदार बोलावला. त्याच्या आधी साहेब आले.

"इमारत पाडता येणार नाही."

"का?"

"आतून सार्वजनिक वाट आहे. रोज दोन हजार माणसं जातात."

"मग हॉल परत खाजगी करा!"

"करतो. मग अंतर पाचशे अकरा. अनुदान रद्द."

"म्हणजे वाट आहे म्हणून पैसे मिळाले, आणि वाट आहे म्हणून ते वापरता येत नाहीत?"

"आत्ता कुठे योजना तुमच्या लक्षात आली," साहेब समाधानाने म्हणाले. "एक उपाय आहे. बांधकामापुरती वाट बंद करायची नोटीस लावू. महिनाभरात कुणाचीच हरकत आली नाही, तर पाडा."

पण वहिनी महिनाभर थांबायला तयार नव्हत्या. त्या तडक तिसऱ्या मजल्यावर गेल्या. "बाई, तोवर आपण घरं बदलू या. तुम्ही खाली, आम्ही वर. नाही म्हणू नका, पाया पडते."

"विचार करून सांगते," बाई म्हणाल्या, आणि चहा उकळायच्या आत हो म्हणाल्या. स्टेशनला निघालेल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं.

नोटीस लागली. जाणारे-येणारे ती वाचत, पण प्रत्येकाला गाडी धरायची असे. एकानेही कागदाला पेन लावलं नाही. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर दिवस मोजत होते. त्यांच्याही गुडघ्यांनी आता आवाज करायला सुरुवात केली होती. महिना संपला त्या दिवशी त्यांनी साहेबांना फोन लावला.

"आली का एखादी हरकत?"

"एक आलीय. चार पानी. अक्षर सुरेख आहे हो."

"कुणाची?"

"तळमजल्याची."

सेक्रेटरी चोपन्न पायऱ्या उतरून हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. आत भिंतीला टेकून, साहेबांनी आखून दिलेल्या जागेत, बाई खुर्चीत बसल्या होत्या. एक मुलगी त्यांना परीक्षेचा निकाल सांगत होती. एका म्हाताऱ्याने पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली होती. "परत येताना नेतो, लक्ष ठेवा."

"बाई!" सेक्रेटरींना दम लागला होता. "अहो, लिफ्ट तुमच्यासाठीच तर होती!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार केलंत माझ्यासाठी. पण जरा बाजूला व्हा हं, मागे लोक खोळंबलेत."