वेगाचा काटा आणि घरची लक्तरं

यंत्र बिघडणं हा यंत्राचा दोष. पण ते चारचौघांत सांगणं हा माणसाचा दोष, हे तत्त्व सुसंस्कृत समाजाने केव्हाच मान्य केलं आहे. आमचे मोठे कॅप्टन म्हणजे या तत्त्वाचं चालतंबोलतं (आणि उडतं) उदाहरण. त्यांचे जावईच त्यांचे सहवैमानिक होते. कंपनी लहान होती. शिवाय मुलीच्या नवऱ्यावर नजर ठेवायला याहून उंच जागा नव्हती.

एकदा अठरा प्रवासी घेऊन विमान ढगात शिरलं आणि वेगाचे दोन्ही काटे शून्यावर आले. (त्या कॉकपिटात कुणाचंही एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.)

"बाबा, टॉवरला कळवू या," जावई म्हणाले.

"घरची लक्तरं वेशीवर टांगायची नसतात, जावईबापू."

"अहो, वेग कळला नाही तर कोसळू!"

"कोसळलो तर बघू. आधीच बोभाटा कशाला?"

तेवढ्यात नियंत्रण कक्षातल्या बाईंचा आवाज आला, "तुमचा वेग सांगा."

"बेताचाच आहे," कॅप्टन म्हणाले.

"आकड्यात सांगा."

"आपल्या आशीर्वादाने पुरेसा आहे."

"यंत्रात काही बिघाड?"

"छे, छे! जरा नरमगरम. वयोमानाप्रमाणे."

आता विमान थरथरू लागलं. धोक्याचा भोंगा वाजला. 'रस्ता जरा खराब आहे,' असं कॅप्टननी प्रवाशांना हसतमुखाने कळवलं. पण कपाळावरून घाम ओघळत होता. तेव्हा जावयांनी लग्नानंतर प्रथमच सासऱ्यांचा शब्द मोडला. रेडिओचं बटण दाबून ते ओरडले, "वेगाचे दोन्ही काटे बंद! मदत हवी!"

"केलंत वाटोळं!" कॅप्टन कळवळले. "उद्या लोक काय म्हणतील?"

"लोकांना उद्या काही म्हणू द्यायचं असेल, तर आत्ता नाक खाली करा," बाई म्हणाल्या. "वेग मी रडारवर बघून सांगते."

बाई आकडे सांगत गेल्या, जावई विमान सांभाळत गेले आणि चाकं धावपट्टीला टेकली. कॅप्टननी जावयांचा हात धरला. डोळे भरून आले होते. "तुम्ही होतात म्हणून वाचलो," ते म्हणाले. "फक्त घरी सांगू नका."

पुढे चौकशी समिती बसली (बसणं तिला उत्तम जमलं). तिच्या पाहणीनुसार शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांना खरं ऐकायला आवडतं. उरलेले तिघे विमानाने प्रवास करतात. तरीही प्रवाशांना प्रत्येक बिघाड सांगावा, असा हुकूम निघाला.

दुसऱ्याच दिवशी, आता स्वतः कॅप्टन झालेल्या जावयांनी प्रवाशांना सांगितलं, "एक दिवा बंद आहे. तो बदलून मगच निघू." क्षणात विमान रिकामं झालं. (एकजण राहिला, तो झोपला होता.) शेजारच्या विमानाच्या दारात सासरे हात जोडून उभे होते, "या, या! आमच्याकडे सगळं उत्तम!"

तिकडे जी झुंबड उडाली, तिच्यात सर्वांत पुढे, कोपराने वाट काढत खिडकीजवळची जागा मागणारे, वाचकहो, आपणच होतात.