नाना पेंडूरकर आणि रविवारचं गाऱ्हाणं

चालायला निघण्याआधी लोक बुटाच्या नाड्या आवळतात, पाण्याची बाटली भरली की नाही ते बघतात. आमचे नाना पेंडूरकर देवाला गाऱ्हाणं घालतात. तेही मनातल्या मनात नाही. भर रस्त्याच्या कडेला, आम्हा दहा-बारा जणांना अर्धगोल उभं करून, हातात नारळ धरून, दशावतारातल्या राजाने मान वळवून बघावं अशा आवाजात.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे.

"आज रविवारच्या दिसाक ही तुझी लेकरा सड्यार जावक निघाली आसत. तेंच्या पायाखाली इच्चू-काटो येव नको."

"होय म्हाराजा."

"ह्या सुलूचो गुडघो करकरता. तेका वंगण घाल."

"होय म्हाराजा."

"ह्या बाबल्याच्या बोटीक गिऱ्हाईक नाय म्हणान तो घराकडे बायलेर डाफरता. तेका गिऱ्हाईक तरी दी, नायतर अक्कल तरी दी रे म्हाराजा."

यावर सगळ्यांत मोठ्याने "होय म्हाराजा" बाबल्याच म्हणतो. देवबागला त्याची पर्यटकांना फिरवणारी बोट आहे आणि नानांच्या तोंडून झालेला अपमान तो प्रसादासारखा घेतो.

गाऱ्हाणं आमच्याकडे काही नवं नाही. देवळात, जत्रेत, लग्नात गावचा मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागतो आणि गाव होय म्हणतं. पण सकाळच्या फेरफटक्याला गाऱ्हाणं घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. 'आमच्याकडे' म्हणते खरी, पण मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन मालवणात आलेली. रविवारी चालणाऱ्या या आमच्या पायपीट मंडळात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझीही ओळख नानांनी थेट देवाशीच करून दिली. "ही घाटावयली सून. हिका चलूक येता, मालवणी येणा नाय. पाय शाबूत ठेव आणि जीभ सुधार रे म्हाराजा." पाय शाबूत आहेत. जिभेचं देवाने अजून मनावर घेतलेलं नाही.

नानांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. "उभो जल्म मांडी घालून बसान काढलंय," ते सांगतात, "आता उरलेलो चलान काढतंय." दुकान विकलं, पण कापड मोजायचा लोखंडी गज काही त्यांनी सोडला नाही. तोच त्यांची काठी. चढावर तो दगडावर टण टण वाजतो आणि मागच्याला कळतं, नाना किती पुढे आहेत. खिशात कापडाच्या चिंध्या कायम. एकदा अर्ध्या वाटेत माझ्या बुटाचा तळ सुटला आणि मी परत फिरायचं नाव काढलं. नानांनी खाली बसून फुलाफुलांच्या चिटाच्या पट्टीने माझा बूट असा बांधला, की मी नवरीसारखी चालत होते. "होय म्हटल्यात मां?" ते गाठ मारता मारता म्हणाले. "होय म्हटल्यार माघारी नाय."

हा त्यांचा कायदा. गाऱ्हाण्याला होय म्हटलं की वाट पुरी करायची. पाऊस येऊ दे, पित्त होऊ दे, घरी पाहुणे येऊ देत.

वाटा किती अवघड हे सांगायची त्यांची पद्धतही त्यांचीच. पेज, भाकरी आणि वडे. सपाट वाट म्हणजे पेज. एवढ्याशा चालीला घरी जाऊन पेज प्यायली तरी पुरे. देवबागची, एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून चालायची वाट म्हणजे निव्वळ पेज. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एक चढ चढून जायचं असलं की भाकरी. आणि जी वाट उतरल्यावर माणसाला कोंबडी-वड्यांशिवाय काहीच उभं करू शकत नाही, ते वडे. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर नानांचा निरोप येतो, 'उद्या भाकरी.' बाकी चौकशी करायची नाही.

एकदा बाबल्याने त्याच्या बोटीवरच्या पुण्याच्या जोडप्याला सांगून ठेवलं, की उद्या आमच्याबरोबर या, वडे आहेत. ते बिचारे सकाळी उपाशीपोटी, नक्षीच्या चपला घालून हजर. चढ निम्मा झाल्यावर बाईंनी फार सभ्यपणे विचारलं, "काका, वडे नेमके कुठे मिळतात?" नानांनी गज उचलून डोंगराचा माथा दाखवला. "ते थंय." आणि खोटं नव्हतं ते. खानावळवाल्या सुलूताईंनी माथ्यावर खरंच डबा उघडला. ते दोघे आता ग्रुपवर आहेत आणि दर वर्षी येतात, बूट घालून.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. नानांच्या गाऱ्हाण्यात सगळं गाव असायचं. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या आंब्याचा मोहर, माझ्या नवऱ्याचं घोरणंसुद्धा. नाना स्वतः कधीच नसायचे. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दुकानदारान आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होवचा नसता, मॅडम." मला ते फार हुशारीचं वाटलं आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही.

यंदाच्या थंडीत, एका शनिवारी, त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. प्रसाद शांत मुलगा, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता. नानांच्या हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशन गोव्यात ठरलं होतं आणि नानांनी काही ना काही कारण काढून तारीख दोनदा पुढे ढकलायला लावली होती. आता बुधवार ठरला होता. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थांबण्यात धोका आहे आणि तोवर चढ अजिबात चढायचा नाही. "तुमचं ऐकतात ते, काकी," प्रसाद म्हणाला. मी फोन ठेवला आणि ग्रुपवर निरोप आला. 'उद्या वडे.'

मला राग आला. नंतर भीती वाटली. सुलूताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आता ओरडलास तर ते येकटेच जातले. उद्या आपण जावया आणि पायथ्याकच बसवया."

पायथ्याशी नानांनी गाऱ्हाणं घातलं. इतकं लांबलचक आणि इतकं सढळ गाऱ्हाणं मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. दुकान बंद करायच्या आदल्या दिवशी सगळा माल फळीवरून खाली काढावा तसं. बाबल्यासाठी तर त्यांनी दोन बोटी मागितल्या. बाबल्यासुद्धा होय म्हणताना चाचरला. मग आम्ही काही बोलायच्या आत नारळ पिशवीत टाकून नाना चढाला लागले. टण टण ऐकू येत होतं. पहिल्या वळणापलीकडे ते थांबलं.

मी धावत गेले. नाना एका चिऱ्यावर बसले होते. धाप लागली होती, चेहरा पांढरा पडला होता, पण ते शुद्धीवर होते. मी पाणी दिलं. त्यांचा श्वास खाली बसल्यावर मी म्हणाले, "प्रसादचा फोन आला होता."

"तेका दुसरा काम नाय." नाना गजाने मातीत रेघ ओढत राहिले. "बुधवारी मी जावचंय नाय."

"का पण?"

त्यांनी गज बाजूला ठेवला. "भय वाटता गो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला मॅडमखेरीज काही न म्हणणारा हा माणूस एकदम गो म्हणाला.

"सुमन होती तेव्हा," ते सांगू लागले. सुमन म्हणजे त्यांची बायको. ती गेली ते मला माहीत होतं, पण नाना तिचं नाव कधी घेत नसत. "रोज सकाळी दुकान उघडताना मी गाऱ्हाणा घालूचंय. ती गल्ल्याक हळद-कुंकू लावताना होय म्हाराजा म्हणाची. ती गेली, आणि एक दिवस मी तसोच उभो रवान गाऱ्हाणा घातलंय. आणि मगे सगळा गप. दुकानात होय म्हणूक कोणच नाय. त्याच आठवड्यात ह्या मंडळ काढलंय."

आम्ही समजत होतो, मंडळ त्यांनी रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला काढलं.

"मग आज का नाही मागितलंत स्वतःसाठी?"

"आपलाच मागणा आणि आपणच होय म्हणणा," नाना म्हणाले, "ता देवाक पटणा नाय."

मी त्यांच्या पिशवीतून नारळ काढला. तोपर्यंत बाकीचे पोचले होते. त्यांना मी हातानेच अर्धगोल उभं केलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालावं का, घाटावरचीने घालावं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"बा देवा म्हाराजा. माझी जीभ तू अजून सुधारली नाय, तेव्हा चुकलंय तर तुझीच चूक."

"होय म्हाराजा."

"हे आमचे नाना. ह्येंच्या काळजाची झडप नीट लागणा नाय. ह्येंका भय वाटता, आणि ह्यांनी ता कोणाक सांगूक नाय."

सुलूताईंनी पदर तोंडाला लावला. तरी होय म्हटलं.

"बुधवारी ते गोव्याक जातले. आतमध्ये ते एकटे असतले, पण दाराभायर आमी असतलंव. डॉक्टराचो हात सरळ ठेव. आणि ह्या गजाची टण टण आमच्या फुडे परत वाजूक दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." आवाज असा घुमला, की समोरच्या काजूवरचे पक्षी उडाले. नाना होय म्हणाले नाहीत. त्यांचे ओठ तेवढे हलले आणि डोळे वाहत होते.

डोळे पुसून त्यांनी पहिलं काय म्हटलं, तर, "माका खंय कोणी इचारल्यात?"

"आमका तरी तुमी कधी इचारल्यात, नानानु?" सुलूताई म्हणाल्या. "होय म्हटला आसा. आता माघारी नाय."

नाना हसले. नारळ माथ्यावर फोडायचा असतो, तो आम्ही त्या चिऱ्यावरच फोडला आणि मंडळाच्या आयुष्यात पहिल्यांदाच अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. बाबल्याने नानांचा हात धरला होता. "वाट अर्धी रवली," नाना दर चार पावलांनी म्हणत होते. बुधवारी ते गोव्याला गेले. दाराबाहेर आम्ही सात जण होतो. तिथल्या सिस्टरने दोनदा आम्हाला हळू बोलायला सांगितलं.

मग कित्येक रविवार ग्रुपवर निरोप आला नाही. आम्ही चालायला जायचो, पण गाऱ्हाणं कुणी घातलं नाही. त्यामुळे लोक वाटेतून खुशाल परत फिरत. काही मजा नव्हती.

परवाच्या शनिवारी मी माशांना मसाला लावत होते आणि फोन वाजला. नानांचा निरोप होता.

'उद्या पेज. आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत. नारळ माझो, गाऱ्हाणा मॅडमचा.'

मी मसाल्याच्या हातानेच उत्तर लिहिलं, होय म्हाराजा. माझ्याखाली सुलूताईंचं आलं, मग बाबल्याचं, मग पुण्याच्या त्या जोडप्याचंही. सगळ्यांचं तेच. पडदा भरून गेला. सगळ्यांत शेवटी नानांचं उत्तर आलं.

'आता माघारी नाय हां.'