खड्डा क्रमांक बत्तीस

फाट्यापासून खडकदऱ्यापर्यंतचा रस्ता तीन किलोमीटर दोनशे मीटर, आणि त्यावर खड्डे त्रेसष्ट. पैकी अडतीस खड्ड्यांत पाऊल घोट्यापर्यंत जात होतं, एकोणीस खड्ड्यांत नडगीपर्यंत, आणि उरलेल्या सहांत पल्लवी उतरलीच नाही. त्यांची खोली तिनं काठावर बसून, काठी घालून मोजली. एकाच खड्ड्याची नोंद दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती तिनं चुन्याच्या फक्कीचं कडं ओढलं आणि शेजारी क्रमांक टाकला. फक्की विहारासमोर कबड्डीचं मैदान आखून उरलेली होती. रविवारी पहाटे सुरू झालेलं काम साडेदहाला संपलं. वाटेत दोन म्हशी आणि एक दूधवाला भेटला. त्यानं विचारलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यानं विचारलं नाही.

पल्लवीनं रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम लागलं होतं. मानोऱ्याकडच्या तांड्यातांड्यांवर जाऊन मातीचे नमुने आणायचे. गाडी स्वतःची हवी, एक तारखेला हजर. गाडी तिनं ठरवलीही होती. डांबरी रस्त्यावर आणि रानात, दोन्हीकडं चालणारी, उंच, काटक, आणि त्या जातीतली सगळ्यात स्वस्त. इंजिनाचं पोट जमिनीपासून बावीस सेंटिमीटर वर. सीट ब्याऐंशी सेंटिमीटरवर, त्यामुळे पल्लवीचे पाय नुसते चवड्यांवर टेकत. पण टेकत. वाशिमच्या दुकानात तिनं ते तीनदा टेकवून पाहिले होते.

अडचण एवढीच, की निम्मे पैसे वडिलांचे होते आणि वडील स्कुटीवर अडून बसले होते. शेषराव एसटीत चोवीस वर्षं ड्रायव्हर होते. घरात चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असे.

"स्कुटीले पुढं जागा असते," ते म्हणाले. "ढोराच्या ढेपीचं पोतं बसते. तुह्या त्या उंटिणीवर काय बसते?"

"मी बसते," पल्लवी म्हणाली.

आई भागिरथाबाईंनी मोबाईलवरचा फोटो जवळून पाहिला, मग लांब धरून पाहिला. "चढाले शिडी गाडीसंगच भेटते, का येगळी घ्या लागते?" एवढंच त्यांनी विचारलं आणि भाकरी उलटली.

शेवटी शेषरावांनी तोड काढली. आपल्या गावच्या रस्त्यापेक्षा वाईट रस्ता जिल्ह्यात नाही, तेव्हा तांड्यांचं काही सांगायचं नाही. "आपल्या रस्त्यानं स्कुटीचं पोट टेकते, हे मले मोजून दाखव. टेकलं त उंटीण. नाई टेकलं त स्कुटी." स्कुटीचं पोट सोळा सेंटिमीटरवर असतं. म्हणून ती मोजणी. मोजणीअंती पंचवीस खड्डे पल्लवीच्या बाजूनं होते. आलेख काढायचा तेवढा बाकी होता.

सोमवारी सकाळी देवानंद चूळ भरायला बाहेर आला, तर त्याच्या दारासमोर पांढरं कडं आणि त्याशेजारी आकडा, अठ्ठावन्न. देवानंदच्या ओट्यापुढचं टिनाचं छप्पर चार हात रस्त्यात आलेलं होतं, आणि ते रस्त्यात आलेलं आहे हे त्याला दहा वर्षांपासून माहीत होतं. रस्ता मंजूर झाला, रुंदीकरण होणार, जेसीबी येणार, असं तो चूळ थुंकेपर्यंत समजून चुकला. जेसीबीनं पाडलं तर टिनं वाकतात, आपण काढली तर शाबूत राहतात. त्यानं पहार घेतली. दुपारपर्यंत शेजारच्यांनी आपापले उकिरडे मागं सरकवले होते.

पल्लवी धावत गेली.

"देवाकाका, ते कडं म्या काढलं. मले गाडी घ्याची हाये, म्हणून खड्डे मोजले."

देवानंदनं पहार टेकवली. "पोरी, गाडी घ्याची असली त मानूस गाडी पाह्यते. खड्डे कायले पाह्यते? तुले कोनं बोलू नको म्हणून सांगतलं असन, त राहू दे. मी नाई विचारत." त्यानं पुन्हा पहार उचलली.

इकडं सरपंच गोमतीबाईंना झोप लागेना. गावात रस्ता येतो आणि सरपंचाला पत्ता नाही, म्हणजे कोणीतरी परस्पर आणला. असा एकच माणूस होता, माजी सरपंच दौलतसिंग. चहाच्या टपरीवर लोकांनी त्यालाच विचारलं, भाऊ, हे तुमचंच काम ना? दौलतसिंगला रस्त्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मिशीवरून बोट फिरवून त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. संध्याकाळपर्यंत तो रस्ता आपणच आणला, हे त्याचं त्यालाही पटलं होतं.

मंगळवारी पल्लवी वही घेऊन गोमतीबाईंकडं गेली. म्हटलं, तोंडी कोणी ऐकत नाही, पुरावा तरी पाहतील. गोमतीबाईंनी पानं उलटली. लांबी, रुंदी, खोली, तीनदा मोजून काढलेली सरासरी, काठी तिरपी झाल्यास होणारी चूक.

"ही वही तुह्याजवळ कशी आली?"

"माहीच हाये, काकू."

"एवढं बारीक मोजमाप वरच्या ऑफिसाबिगर कोनी करते काय?" गोमतीबाईंनी वही आदरानं परत दिली. "बरं केलं तू आनून दाखवली. आता दौलतसिंगच्या आंधी मीच काम चालू करतो."

आणि त्यांनी केलं. बुधवारी सकाळी गावाकडून, म्हणजे त्रेसष्टपासून, गोमतीबाईंचा ट्रॅक्टर मुरूम टाकत निघाला. हे कळताच दौलतसिंगनं फाट्याकडून, एकपासून, आपला ट्रॅक्टर सोडला. क्रमांक घातलेले असल्यानं एकही खड्डा सुटला नाही. माणसं मुरूम ठोकून बसवायला धुम्मस घेऊन मागं चालत होती, टँकर पाणी मारत होता. इतकं शिस्तीचं काम त्या रस्त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी इकडचे एकतीस भरले, तिकडचे एकतीस भरले, आणि दोन्ही ट्रॅक्टर खड्डा क्रमांक बत्तीसवर समोरासमोर उभे राहिले.

त्रेसष्ट ही विषम संख्या होती. पल्लवीनं चाळीस आणि एकेचाळीस हे चिकटलेले खड्डे एकच धरले असते, तर तिथं भांडण झालं नसतं. गोमतीबाई म्हणाल्या बत्तीस आमचा, दौलतसिंग म्हणाला बत्तीस आमचा. तासाभरानं गोमतीबाईंनी भांडता भांडता ट्रॉली ओतायला लावली. दौलतसिंगनं त्या मुरमावर आपली ओतली. आता कोणाचा मुरूम काढायचा, यावर पुन्हा तासभर गेला. कोणीच आपला काढू दिला नाही. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून तो ढीग धुमसला आणि त्याला पाणी मारलं. शनिवारच्या उन्हानं तो दगडासारखा झाला.

शनिवारी संध्याकाळी शेषराव फाट्याकडून येणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खूश होऊन घरी आले. त्यांनी वही मागितली. पल्लवीनं ती दिली नाही; आधी स्वतः गावाकडून एकेक खड्डा पुन्हा मोजत निघाली. त्रेसष्टला शून्य. बासष्टला शून्य. शून्य लिहिण्याआधी ती प्रत्येक ठिकाणी काठी पुन्हा टेकवून पाहत होती, पण खोली शून्यच होती. त्रेचाळीसला अंधार पडला.

"कायले मोजून राह्यली?" शेषराव जेवताना म्हणाले. "रस्ता त झाला. उद्या अंजूची स्कुटी आनतो, फाट्यापासून घरापर्यंत चालवून दाखवतो. मंग परवा दुकानात जाऊ."

अंजू पल्लवीची मामेबहीण, शिरपूरला राहायची. रविवारी ती स्कुटी घेऊन फाट्यावर आली. शेषरावांनी मेडशीहून ढेपीचं पोतं आणलं होतं. ते त्यांनी पुढं ठेवलं, छान बसलं. पल्लवी मागं बसली. अंजू चालत येते म्हणाली. स्कुटी एकतीस भरलेल्या खड्ड्यांवरून लोण्यावरून जावी तशी गेली. शेषराव मागं वळून एकही शब्द बोलले नाहीत, पण त्यांची पाठ बोलत होती.

समोर बत्तीस दिसला.

"बाबा, थांबा. मी उतरतो, मोजू द्या."

"चोवीस वर्सं गाडी चालवली. मोजून कोनता ड्रायवर चालवते?"

पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि खालून खर्रकन आवाज आला. स्कुटी थांबली. मागचं चाक हवेत गरगरत राहिलं. शेषरावांनी एक्सलेटर दिला, तसं ते आणखी जोरात गरगरलं.

लोक जमले. देवानंद पहार घेऊनच आला. गोमतीबाई आल्या आणि म्हणाल्या की खालचा मुरूम त्यांचा, टेकला तो वरचा. दौलतसिंग म्हणाला, वरचा कोणाचा ते त्याला आठवत नाही. चौघांनी पोत्यासकट स्कुटी उचलून पलीकडं ठेवली. शेषराव वाकून तिच्या पोटाकडं पाहत राहिले, मग ढिगाकडं.

"वही आनली काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लिव मंग."

पल्लवीनं दोन्ही बाजूंना काठ्या रोवल्या, अंजूला दोरीचं एक टोक धरायला दिलं आणि दोरी ताणून तीनदा मोजलं. सरासरी काढली. मग बत्तीस क्रमांकासमोर, खोलीच्या रकान्यात, जुना आकडा खोडून तिनं लिहिलं: उणे एकवीस सेंटिमीटर.